लिस्बनमधला शेवटचा दिवस: रात्रीचं विमान, दुखरे गुडघे आणि राहून गेलेलं बेलेम

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको आणि सत्तरीतले आईबाबा असे चौघे लिस्बनमध्ये आहेत. हॉटेल शहराच्या मध्यावरच्या बाइशा भागात आहे, सकाळी अकराला खोली सोडायची आहे आणि आखातमार्गे मुंबईचं विमान रात्री ९:३५ ला आहे. बेलेम (नदीकाठचा, मठ आणि बुरुजाचा भाग) आणि आल्फामा (टेकडीवरची जुनी वस्ती) दोन्ही पाहायचे राहिले आहेत. लिस्बनबाहेरचं, राजवाड्याचं सिंत्राही जमेल का, अशी विचारणा आहे. आईला अंडं चालतं, मांस-मासे चालत नाहीत. बाबांच्या गुडघ्यांना चढ सोसत नाही.

सिंत्रा नको. रोसियु स्थानकातून लोकलने चाळीसेक मिनिटं लागतात, म्हणून कागदावर ते सोपं दिसतं. खरा वेळ जातो तो सिंत्राला उतरल्यावर. पेना राजवाड्याकडे वर नेणाऱ्या ४३४ नंबरच्या बसला रांग असते. पेना राजवाड्याच्या बागेच्या फाटकापासून राजवाड्याच्या दारापर्यंत चढ आहे, आणि आत शिरायची तिकिटावरची वेळ टळली तर प्रवेश मिळत नाही. पोर्तुगालच्या रेल्वेत अधूनमधून संपही होतात. इतर कुठल्याही दिवशी हे चालून जातं, विमानाच्या दिवशी नाही.

बेलेम आणि आल्फामा मात्र दोन्ही होतील. त्यासाठी क्रम एकच: तिकिटाची, वेळ बांधलेली आणि हॉटेलपासून लांबची गोष्ट सकाळी आधी उरकायची. दुपारनंतर फक्त उघड्यावरचं, फुकटचं आणि कुठेही अर्धवट सोडता येईल असं ठेवायचं, तेही सामानाच्या दिशेने येत येत. उलटं केलं, म्हणजे सकाळी रमतगमत आल्फामा आणि दुपारी तीनला बेलेमच्या रांगेत, की दिवस हातचा जातो.

वेळेचा हिशेब विमानापासून मागे करा. आंतरराष्ट्रीय विमानांचे काउंटर साधारणपणे सुटण्याच्या तीन तास आधी उघडतात आणि तासभर आधी बंद होतात. ९:३५ च्या विमानासाठी सव्वासहाच्या सुमारास विमानतळावर असावं. एरवी बाइशातून विमानतळ गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर आहे, पण संध्याकाळी पाच ते साडेसातच्या गर्दीत पाऊण तासही लागतो. म्हणून हॉटेलवरून सव्वापाचला निघायचं, हॉटेलवर पावणेपाचला पोचायचं आणि साडेचारला पाहणं थांबवायचं. सकाळी साडेआठला बाहेर पडलात तर आठ तास मिळतात. जेवण आणि प्रवास वजा जाता पाच-साडेपाच तास उरतात, आणि दोन भागांना ते पुरतात.

हे आठ तास मिळवण्याची पहिली अट म्हणजे अकराची वाट न पाहणं. अकरापर्यंत खोली आपली आहे म्हणून बरेच जण सकाळी जवळपास फिरतात, दहाला परततात, बॅगा भरतात आणि साडेअकराला पुन्हा निघतात. यात अख्खी सकाळ जाते, आणि लिस्बनमध्ये रांगा सर्वांत कमी असतात त्या सकाळीच. बॅगा आदल्या रात्री भरा. वजन करून ठेवा. हॉटेलचा हिशेबही रात्रीच चुकता करा. लिस्बनचा पर्यटन कर सप्टेंबर २०२४ पासून माणशी रात्रीला ४ युरो आहे (१३ वर्षांवरच्यांना, जास्तीत जास्त सात रात्री), आणि तो खोलीच्या भाड्यात धरलेला नसेल तर निघताना वेगळा मागतात. चौघांची रक्कम सकाळी अचानक समोर येण्यापेक्षा रात्री विचारलेली बरी. सकाळी साडेआठला खोली सोडून बॅगा हॉटेलच्या सामानखोलीत ठेवा. बहुतेक हॉटेलं त्याचे पैसे घेत नाहीत. भाड्याच्या घरात राहत असाल तर बाइशात सामान ठेवण्याची खासगी दुकानं आणि लॉकर आहेत. मोठ्या बॅगेचा लॉकर आधी राखून ठेवा आणि दुकान बंद व्हायची वेळ पाहून घ्या.

खोली सोडली की चारही पासपोर्ट तुमच्या अंगावर येतात. एकाकडेच सगळे देऊ नका. दोघांनी दोन-दोन शर्टाच्या आतल्या पिशवीत ठेवावेत. २८ आणि १५ नंबरच्या ट्राममध्ये, बाइशा-शियादु मेट्रोच्या सरकत्या जिन्यांवर आणि उंचावरच्या सज्जांवर खिसेकापू असतात. पाठीवरची सॅक गर्दीत पोटावर घ्या. पाकीट गेलं तर पैसे जातात, पासपोर्ट गेला तर विमान जातं आणि दूतावासातून तातडीचा प्रवास-दाखला मिळेपर्यंत मुक्काम वाढतो. आईबाबांची संध्याकाळची आणि रात्रीची औषधं हातातल्या पिशवीत घ्या. सामानखोलीतली बॅग मध्येच उघडायला लावणं त्रासाचं असतं.

प्रवासाच्या तिकिटाबद्दल. लिस्बनमध्ये ‘नावेगांत’ नावाचं कार्ड अर्ध्या युरोला मिळतं. माणशी एक लागतं, चौघांत एक चालत नाही. त्यावर २४ तासांचा पास भरता येतो किंवा ‘झॅपिंग’ म्हणजे दर फेरीला वजा होत जाणारी रक्कम भरता येते. शेवटच्या दिवशी तुमच्या तीन-चार फेऱ्याच होणार आहेत, तेव्हा झॅपिंग घ्या. ते मेट्रो, ट्राम, बस आणि बेलेमवरून जाणारी काशकाइश मार्गाची लोकल या सगळ्यांवर चालतं. मेट्रो-बसचा साधा २४ तासांचा पास लोकलवर चालत नाही, आणि बेलेमला जाताना नेमकी हीच चूक होते. आधीच्या दिवसाचा पास कार्डावर शिल्लक असेल तर झॅपिंगसाठी दुसरं कार्ड घ्या. एका कार्डावर दोन प्रकार एकत्र ठेवायच्या भानगडीत पडू नये. ट्राममध्ये चालकाकडून रोख तिकीट घेतलं तर ते बरंच महाग पडतं.

बेलेमला जायचे दोन रस्ते आहेत. १५ नंबरची ट्राम बाइशातल्या प्रासा दा फिगेइरा या चौकापासून सुटते, नदीकाठच्या प्रासा दु कोमेर्सियु चौकावरून जाते आणि बेलेमला अर्ध्या तासाच्या आसपास पोचते. जेरोनिमोस मठाच्या जवळच उतरवते, पण उभं राहावं लागतं. दुसरा रस्ता काइश दु सोद्रे स्थानकातून लोकलचा. बेलेम सात-आठ मिनिटांत येतं. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, फलाटावरच्या फलकात बेलेम लिहिलेलं आहे का ते पाहून चढा. बेलेम स्थानकातून रूळ आणि हमरस्ता ओलांडायला पूल आहे, नंतर मठापर्यंत दहाएक मिनिटं सपाट चाल. बाबांना पूल नको असेल तर सकाळी टॅक्सी किंवा ॲपवरची गाडी घ्या. चौघांत खर्च वाटला गेला की तो ट्रामपेक्षा फार जास्त राहत नाही, आणि दिवसभराचे गुडघे शाबूत राहतात. मी असतो तर जाताना गाडी आणि येताना ट्राम असं सुचवलं असतं.

नऊच्या सुमारास बेलेमला पोचलात की आधी खाऊन घ्या. रुआ दे बेलेम या रस्त्यावरचं (‘रुआ’ म्हणजे रस्ता) ‘पाश्तेइश दे बेलेम’ हे दुकान १८३७ पासून चालू आहे. १८३४ मध्ये पोर्तुगालने मठ बरखास्त केले आणि जेरोनिमोसमधली अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या कस्टर्डची कृती या दुकानाकडे आली. बाहेर दिसते ती रांग बांधून नेणाऱ्यांची असते. बसून खायचं असेल तर तिच्यात उभं राहू नका, सरळ आत जा. आत एकापाठोपाठ एक मोठ्या खोल्या आहेत आणि सकाळी जागा मिळते. स्वच्छतागृहही आतच आहे, ते इथेच उरकून घ्या. पाश्तेल, म्हणजे हा कस्टर्ड भरलेला पापुद्र्याचा टार्ट, गरम खायचा, वर दालचिनी आणि पिठीसाखर भुरभुरवून. मुंबईला न्यायला डबा घेऊ नका. काही तासांत पापुद्रे नरम पडतात आणि आतला भाग दुधा-अंड्याचा असतो. आईसाठी एक सूचना: पोर्तुगीज भाजलेल्या पदार्थांत कधी लोणी, कधी मार्गारीन, तर कधी डुकराची चरबी असते. तिला ‘बान्या’ म्हणतात. कुठल्याही बेकरीत “तें बान्या?” एवढं विचारलं तरी उत्तर मिळतं.

मग जेरोनिमोस. इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत केल्याने लोक चुकीच्या रांगेत अर्धा-पाऊण तास काढतात. चर्च फुकट आहे. मठाच्या आतला चौक, म्हणजे कोरीव कमानींची दुमजली ओवरी, तिकिटाची आहे. तिकीट ऑनलाइन, सकाळच्या पहिल्या किंवा दुसऱ्या वेळेचं काढा. रांगेत शिरण्याआधी ती चर्चची की तिकीटधारकांची, हे दारावरच्या माणसाला विचारा. ज्येष्ठांना सवलत लागू असेल तर ती तिकीट काढतानाच निवडावी लागते, आणि वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट दाखवावा लागतो.

मठाचं काम सोळाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला राजा मानुएल पहिला याने काढलं. आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या सुमारे पाच टक्के करातून त्याचा खर्च निघाला. मलबारच्या मिरीचा त्यात मोठा वाटा होता. चर्चमध्ये शिरल्यावर लगेच, वरच्या सज्जाखाली, डाव्या हाताला वास्को द गामाची कबर आहे आणि उजव्या हाताला कवी कामोएंशची. बहुतेक लोक समोरच्या उंच खांबांकडे पाहत पुढे जातात आणि या दोन्ही चुकवतात. गामा २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीनला वारला. आधी तिथेच पुरला होता, १५३९ मध्ये अवशेष पोर्तुगालला आणले आणि १८८० मध्ये या चर्चमध्ये. कामोएंशही काही वर्षं गोव्यात राहिला होता. तिथून सरळ वेदीपर्यंत जा. मानुएल, त्याचा मुलगा आणि त्यांच्या राण्या यांच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवल्या आहेत. कोपऱ्यात उजेड कमी असतो, क्षणभर थांबलं की सोंडा आणि कान दिसू लागतात.

आतल्या चौकात तळमजला पूर्ण सपाट आहे. बाबांनी तिथेच बसावं, कारण कोरीवकाम खालूनच जास्त जवळ दिसतं. दोरखंड, समुद्री वनस्पती, खगोलगोल, ख्रिस्त-संघाचा क्रूस ही सगळी चिन्हं कमानींवर आहेत. वरच्या मजल्यावर जिना चढून जाणाऱ्यांना चर्चच्या आतल्या सज्जावरून खालचा भाग एका दृष्टीत दिसतो. चर्च आणि चौक मिळून सव्वा तास धरा. दगड इथला चुनखडीचा, लिओझ नावाचा. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात लिस्बनचा मध्यभाग कोसळला, पण शहराबाहेरच्या बेलेमला त्या मानाने कमी तडाखा बसला. राजघराणं त्या सकाळी बेलेमलाच होतं म्हणून वाचलं. पाच शतकांपूर्वीचं लिस्बन इतक्या पूर्ण रूपात पाहायला मिळतं ते यामुळेच.

साडेदहा-पावणेअकराला बाहेर या. समोरची बाग ओलांडून भुयारी वाटेने नदीकाठी जाता येतं. पायऱ्या आहेत, बाबांना बागेतल्या बाकावर बसवलं तरी चालेल. काठावर दर्यावर्दींचं स्मारक आहे. ते १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं उभारलं होतं, १९६० मध्ये पक्क्या बांधकामात पुन्हा बांधलं. वर जाण्यात वेळ घालवू नका. पायथ्याशी जमिनीवर पन्नास मीटर व्यासाचा दिशादर्शक आहे आणि त्याच्या मधोमध जगाचा नकाशा, पोर्तुगीज कुठे कधी पोचले त्या वर्षांसह. आपल्या किनाऱ्याकडचा भाग शोधायला पाच मिनिटं पुरतात.

बेलेमचा बुरूज तिथून पश्चिमेला, मठापासून सुमारे एक किलोमीटरवर. १५१४ ते १५१९ च्या दरम्यान बांधलेला हा बुरूज एप्रिल २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी आतून बंद केला होता. आत जाण्याचा विचार असेल तर त्या आठवड्याची स्थिती अधिकृत संकेतस्थळावर पाहा. माझं मत विचाराल तर तो उघडा असला तरी शेवटच्या दिवशी आत जाऊ नये. एकच अरुंद गोल जिना आहे, त्यावर चढणारे आणि उतरणारे आळीपाळीने सोडतात, वेळ तुमच्या हातात राहत नाही आणि बाबांना तो जमणारच नाही. बाहेरून मात्र एक गोष्ट नक्की शोधा. वायव्येच्या छोट्या टेहळणी मनोऱ्याच्या तळाशी गेंड्याचं डोकं कोरलेलं आहे. पावसा-वाऱ्याने झिजलं आहे, फोनचा कॅमेरा मोठा करून पाहावं लागतं.

त्या गेंड्याचा प्रवास आपल्याकडूनच सुरू झाला. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा दुसरा याने तो पोर्तुगीजांना भेट दिला, गोव्याचा गव्हर्नर आफोंसो दे आल्बुकेर्कने तो जहाजावर चढवला आणि २० मे १५१५ रोजी तो लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपने पाहिलेला हा पहिला जिवंत गेंडा मानतात. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली आणि हत्ती पळाला. वर्णनं आणि एक रेखाटन जर्मनीत पोचलं, त्यावरून चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने गेंडा न पाहताच प्रसिद्ध ठसाचित्र काढलं. गेंडा पुढे पोपला भेट म्हणून पाठवला, पण इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. झुंज जिथे झाली त्या राजवाड्याची जागा दुपारी तुमच्या वाटेवर येणार आहे.

बुरुजापर्यंत दोघांनी जावं आणि आईबाबांनी बागेत बसावं, हे उत्तम. चौघांनीच जायचं असेल तर जाताना नदीकाठाने चाला आणि परत येताना गाडी बोलवा. परतताना ट्राममधून किंवा गाडीतून राष्ट्राध्यक्षांच्या गुलाबी वाड्यासमोरचा चौक दिसेल. उंच खांबावर उभा आहे तो हाच आल्बुकेर्क, १५१० मध्ये गोवा घेणारा.

बारापर्यंत बेलेम सोडा. जेवण बाइशात, साडेबारा-पाऊणला. लिस्बनमध्ये दुपारचं स्वयंपाकघर साधारण तीनला बंद होतं आणि सातशिवाय उघडत नाही. अडीचला जेवायला गेलात तर फार तर सँडविच मिळतं. टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज ठेवतात. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, बिलात लागत नाही. आईसाठी सूप मागवताना जपा. ‘काल्दु वेर्द’ दिसतं पालेभाजीचं, पण त्यात सहसा डुकराच्या सॉसेजची चकती असते. ‘सोपा दे लेगुमेश’ मागा आणि “सें कार्न, सें पेइश” म्हणजे मांस-मासे नकोत, असं सांगा. बेकऱ्यांमधला ‘शामुसा’ म्हणजे आपला समोसा, गोवा-मोझांबिकमार्गे तिथे रुळलेला. त्यात बहुतेक वेळा खिमा किंवा कोंबडी असते, विचारल्याशिवाय आईला देऊ नका. साधं वरण-भात-पोळी हवी असेल तर मार्तिं मोनिश चौक आणि त्याच्या मागच्या रुआ दु बेनफोर्मोजूवर भारतीय, बांगलादेशी आणि नेपाळी खाणावळी आहेत. प्रासा दा फिगेइरापासून सपाट रस्त्याने पाचेक मिनिटं. रात्रीच्या प्रवासाआधी आईबाबांसाठी हेच जास्त हिताचं. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या भरून घ्या.

दुपारी पावणेदोन-दोनला आल्फामा. नियम एकच: वर गाडीने, खाली पायी. २८ नंबरच्या ट्रामचा मोह टाळा. मार्तिं मोनिशला तिची रांग कधी कधी तासाची असते आणि गर्दीत बाहेरचं काही दिसत नाही. चौघांनी टॅक्सीने पोर्ताश दु सोल या उंचावरच्या सज्जापाशी उतरावं. पायी जायची हौस असलेल्या दोघांसाठी फुकट लिफ्ट आहेत. रुआ दुश फांकेइरुशवरच्या इमारतीतली लिफ्ट रुआ दा मादालेनावर सोडते, समोर थोडं चाललं की शाँव दु लोरेइरुच्या जुन्या बाजारात दुसरी लिफ्ट आहे, ती किल्ल्याच्या बाजूला वर काढते. या लिफ्ट अधूनमधून बंद असतात. बंद मिळाली तर ७३७ नंबरची छोटी बस प्रासा दा फिगेइराहून किल्ल्यापर्यंत जाते. चढावर तारेने ओढल्या जाणाऱ्या शहराच्या केबल-डब्यांपैकी ग्लोरियाच्या डब्याला ३ सप्टेंबर २०२५ रोजी मोठा अपघात झाला आणि सेवा थांबवण्यात आली. जुन्या प्रवासलेखांत वाचून त्यांच्यावर बेत बांधू नका.

सांव जोर्ज किल्ल्याच्या आत जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तिकीट महाग, दुपारी रांग, आत उघडी तटबंदी आणि ओबडधोबड पायऱ्या. ज्यासाठी लोक जातात ती नजर पोर्ताश दु सोल आणि पन्नास पावलांवरच्या सांता लुझियाच्या सज्जावरून फुकट मिळते. सांता लुझियात वेलींची सावली आणि बसायला जागा आहे, अर्धा तास निवांत काढा. चर्चच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या टाइलांचे दोन मोठे चित्रफलक आहेत. एकावर ११४७ मध्ये ख्रिस्ती फौजांनी मुस्लिम मूर लोकांकडून शहर घेतल्याचा प्रसंग आहे, दुसऱ्यावर भूकंपाआधीचा प्रासा दु कोमेर्सियु. हा दुसरा नीट पाहून घ्या, तासाभरात तुम्ही त्याच जागी उभे असाल.

आल्फामाच्या आतल्या बोळांत उतरायचा मोह होईल, पण तिथे सगळ्या पायऱ्याच आहेत, आणि दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जास्त त्रास देतं. ट्रामच्या रुळांचा रस्ता धरा. रुआ दु लिमोएइरुवरून उतार आहे, पायऱ्या नाहीत, दहा-पंधरा मिनिटांत ‘से’ म्हणजे शहराचं मुख्य चर्च येतं. फुटपाथ काही ठिकाणी हातभर रुंद आहे आणि ट्राम अगदी अंगाजवळून जाते. तिची घंटा ऐकू आली की भिंतीला टेकून थांबा. पायाखाली गुळगुळीत झालेल्या पांढऱ्या चुनखडीच्या चिपा असतात, पाऊस पडला की त्यावरून सहज पाय घसरतो. रबरी तळव्यांचे बूट हवेत, चामडी तळवे किंवा घासून गेलेल्या चपला नकोत. पाऊस असेल तर बाबांना हा टप्पा गाडीनेच करू द्या.

त्या चर्चपासून रुआ दा मादालेनाने खाली उतरलं की रुआ दा आल्फांदेगा लागतो. कोंसेइसांव वेल्या या चर्चचं दार थांबून पाहा, भूकंपातून वाचलेला तो तुकडा नंतरच्या चर्चला जोडला आहे. तिथून पूर्वेला दोन-तीन मिनिटांवर काझा दुश बिकुश. अख्ख्या दर्शनी भिंतीवर हिऱ्याच्या पैलूंसारखे टोकदार दगड आहेत. हा वाडा १५२३ च्या सुमारास आल्बुकेर्कच्या मुलाने, ब्राशने बांधला. भूकंपात वरचे मजले गेले ते १९८० च्या दशकात पुन्हा चढवले. तळमजल्यावर उत्खननात सापडलेले रोमन काळापासूनचे अवशेष ठेवले आहेत.

साडेतीनच्या आसपास प्रासा दु कोमेर्सियु. नदीकडे उघडा असलेला हा चौक म्हणजे पूर्वीचा राजवाडा, आणि त्याला लागूनच ‘काझा दा इंदिया’ ही पूर्वेकडच्या सगळ्या व्यापाराची कचेरी होती. गेंडा आणि हत्ती समोरासमोर आणले तेही याच परिसरात. १७५५ मध्ये धक्के, मग समुद्राची लाट आणि मग कित्येक दिवस चाललेली आग, यांत सारं गेलं. मधला घोडेस्वार पुतळा राजा जुझेचा, १७७५ चा. चौथऱ्याच्या बाजूला वळून पाहा, तिथेही हत्ती आहे. मागे काटकोनात आखलेली बाइशा ही भूकंपानंतर राजा जुझेचा मंत्री पोंबाल याच्या देखरेखीखाली उभी राहिली. तिच्या घरांच्या भिंतींत लाकडी तिरप्या पट्ट्यांचा पिंजरा घातलेला आहे, पुन्हा धक्का बसला तर भिंत पडली तरी घर उभं राहावं म्हणून. नदीत उतरणाऱ्या दोन खांबांजवळच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. भरती ओसरल्यावर खालच्या पायऱ्यांवर फोटोसाठी जाऊ नका.

उरलेला वेळ खरेदीचा. बाइशातून वरच्या शियादु भागाकडे नेणाऱ्या जुन्या सांता जुश्ता लिफ्टची रांग सोडून द्या. वर शियादुला जायचंच असेल तर बाइशा-शियादु मेट्रोच्या रुआ दु क्रुसिफिशुच्या दारातून शिरून सरकत्या जिन्यांनी वर निघता येतं, तिकीट लागत नाही. भेटवस्तूंत बुचाच्या पर्सेस हलक्या आणि टिकाऊ. टाइल नवी घ्या. जुन्या बाजारात मिळणाऱ्या सुट्या प्राचीन टाइल पुष्कळदा घरांच्या दर्शनी भिंतींवरून चोरलेल्या असतात. सार्डिनचे डबे, मऊ चीज, गिंजा (आंबट चेरीचं मद्य) किंवा पोर्ट वाइन हे सगळं चेक-इनच्या बॅगेत. तेलातले डबे आणि मऊ चीज हातातल्या सामानात असेल तर सुरक्षा तपासणीत अडवू शकतात. भारतात प्रौढ प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काशिवाय आणता येतं.

करपरताव्याची, म्हणजे बाहेरच्या प्रवाशांना खरेदीवरचा कर परत मिळण्याची गोष्ट दुकानातच सुरू होते. एका बिलाची रक्कम कर वगळून ५० युरोंच्या वर हवी, २३ टक्के कर धरला तर साधारण ६१.५० युरो. चौघांनी चार छोटी बिलं केली तर काहीच मिळत नाही, एकाच्या नावावर एक बिल करा. पासपोर्ट दाखवून करपरताव्याचा कागद तिथेच मागून घ्या. ती वस्तू बॅगेत अगदी वर ठेवा.

पावणेपाचला हॉटेल. चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा साध्या टॅक्सीत मावत नाहीत. ॲपवर मोठी गाडी मागवा किंवा हॉटेलला दुपारीच सांगून ठेवा. मेट्रो स्वस्त आहे, हिरव्या मार्गाने आलामेदा आणि तिथून लाल मार्गाने विमानतळ, अर्धा-पाऊण तास. पण बॅगा आणि ज्येष्ठ सोबत असताना ती फक्त रस्ता पूर्ण तुंबला तरच. आखाती कंपन्यांची विमानं टर्मिनल १ वरून सुटतात.

बेलेमचा मठ आणि बुरूज सोमवारी बंद असतात. तुमचा दिवस सोमवार असेल तर क्रम उलटा करा: सकाळी आल्फामा, आणि दुपारी बेलेमला फक्त पाश्तेल, मठाचं बाहेरचं दक्षिण दार आणि नदीकाठ, अडीचपर्यंत परत. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिसा म्हणजे सामुदायिक प्रार्थना असते, पर्यटकांना त्या वेळेत फिरू देत नाहीत. म्हणून तिकिटाचा चौक आधी घ्या आणि चर्च नंतर. मंगळवार किंवा शनिवार असेल तर आल्फामाच्या मागे सांता क्लाराच्या मैदानात जुना बाजार भरतो, पण तिथे गेलात तर खरेदीचा वेळ त्यातच संपवा. डिसेंबरात सूर्य सव्वापाचला मावळतो, तेव्हा सांता लुझियाला दोनलाच पोचणं जास्त गरजेचं. जूनमध्ये उजेड नऊपर्यंत असतो, आणि तोच घात करतो: बाहेर लख्ख दिसतं म्हणून साडेचार वाजून गेल्याचं भान राहत नाही. फोनमध्ये चारचा गजर लावा.

विमानतळावर करपरतावा आधी, चेक-इन नंतर. यंत्रावर कागद आणि पासपोर्ट दाखवला की एक तर लगेच मंजुरी मिळते किंवा सीमाशुल्क खिडकीवर वस्तू दाखवायला सांगतात. बॅग आधी पट्ट्यावर गेली असेल तर दाखवणार काय? त्यानंतर सुरक्षा तपासणी, मग दुकानं आणि त्यांच्या पुढे पासपोर्ट तपासणी. तुमचं विमान सरळ आखातात जाणार असल्याने शेंगेनमधून, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्रातून बाहेर पडल्याची नोंद लिस्बनलाच होते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या नव्या पद्धतीत चेहरा आणि बोटांचे ठसे घेतात, त्यामुळे रांग हळू सरकते. लोक सुरक्षा तपासणी झाली म्हणजे सुटलो असं समजून दुकानांत आणि खाण्यात तास घालवतात आणि मग या रांगेत अडकतात. आधी पासपोर्ट तपासणी पार करा. बाबांना चालायला त्रास होत असेल तर चाकाच्या खुर्चीची विनंती विमान कंपनीकडे किमान ४८ तास आधी नोंदवा. मदतनीस त्यांना तपासण्यांतून सोबत नेतो, आणि त्यांच्यासोबत कुटुंबातल्या एकाला तरी सहसा जाऊ देतात.